चुलीपाशी हसू नका

जगात न हसणारी माणसं पुष्कळ असतील, दुसऱ्याचं हसणं न खपणारीही काही कमी नसतील. पण वर्षातून एक अख्खी सकाळ घरातल्यांना, पाहुण्यांना आणि दारात आलेल्या परक्या माणसालासुद्धा हसायची बंदी घालणारी, आणि ती पाळायला लावणारी बाई सबंध बुलढाणा जिल्ह्यात एकच आहे. ती माझी मोठी माय. मोठी माय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. चिखली तालुक्यात उंद्रीच्या पुढे आमचं गाव आहे आणि घराण्याच्या महालक्ष्म्या तिच्याकडे बसतात. भाऊ वेगळे झाले, वावरं वेगळी झाली, गोठ्यातल्या गाईसुद्धा वाटल्या गेल्या, पण ज्येष्ठा एका भावाकडे आणि कनिष्ठा दुसऱ्याकडे असं काही करता येत नाही. त्यामुळे मी खामगावला शिकवते त्या शाळेतून, चुलतभाऊ पुण्याहून, जो जिथे असेल तिथून भाद्रपदातल्या त्या तीन दिवसांसाठी मोठ्या मायच्या घरी येऊन पडतो. पहिल्या दिवशी संध्याकाळी देवी घरात येतात, दुसऱ्या दिवशी त्यांचं जेवण, तिसऱ्या दिवशी बोळवण. बंदी असते पहिल्या दिवशी, कारण त्या सकाळी अनारसे तळले जातात.

ज्यांनी अनारसे कधी केलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी सावलीत फडक्यावर पसरून जरा ओलसर असतानाच दळायचे आणि गूळ मिसळून ते पीठ मुरत ठेवायचं. मग त्याची गोळी केळीच्या पानावर, खसखशीवर ठेवून बोटांनी थापायची आणि मंद तुपात सोडायची. सगळं नीट असलं तर अनारसा जागच्या जागी फुलतो आणि त्याला अंगभर जाळी पडते. काही बिघडलं असलं तर तो तुपात पडल्या पडल्या विरघळायला लागतो, चहूकडे पसरतो आणि शेवटी नुसता भुगा उरतो. याला अनारसा हसला असं म्हणतात. हा शब्द ज्या कोणाला पहिल्यांदा सुचला असेल त्याला तो गमतीनंच सुचला असणार. मोठ्या मायनं त्यातली गंमत काढून टाकली आणि कायदा तेवढा ठेवला. "चुलीपाशी मानूस हासलं का तो पाह्यते," ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली, "आन् पाहून पाहून शिकते."

त्यामुळे चुलीत जाळ लागला की घरात सुतक असल्यासारखी शांतता. टीव्ही बंद. सगळ्यांचे मोबाईल ज्वारीच्या कोठीत. आम्ही पोरी लाडू वळायला बसलेल्या असायचो, एकमेकींकडे पाहायचं नाही अशी सक्त ताकीद असायची, आणि कोणाचे ओठ थरथरायला लागलेच तर मोठी माय कढईवरची नजर न काढता म्हणायची, "दहावीचं गनित आठव." हा उपाय कधीही वाया गेला नाही. एका वर्षी मतदारयादी तपासायला एक मास्तर नेमके त्याच वेळी ओसरीवर येऊन उभे राहिले. हसतमुख माणूस. "नमस्कार ताई, घरात मतदार किती?" मोठ्या मायनं आतूनच उत्तर दिलं, "मतदार सहा हायेत, पन तुमी पहिले तोंड बंद करा. दात दिसून राह्यले." मास्तरांनी उरलेली यादी तोंडावर रुमाल धरून तपासली आणि चहा न घेता गेले.

समोरच्या घरात एक बाई राहतात. त्यांना हसताना गावात कोणी पाहिलेलं नाही. स्वतःच्या मुलाच्या लग्नाच्या फोटोतही त्या पंचनाम्याला उभ्या असल्यासारख्या दिसतात. हळदीकुंकवाला, बारशाला त्यांना बोलावताना बायका दोनदा विचार करतात. आमच्याकडे मात्र त्या सकाळी त्यांना मानानं बोलावणं जातं, चुलीच्या उजव्या अंगाला त्यांच्यासाठी पाट मांडला जातो, वर सतरंजीची घडी घातली जाते. "ह्या बसल्या का अनारसे धाकात राह्यते," असं मोठी माय त्यांच्या तोंडावर सांगते, आणि त्यांनाही ते आवडत असावं, कारण त्या एकाही वर्षी चुकलेल्या नाहीत. येतात, बसतात, कढईकडे टक लावून पाहतात, घाणे संपले की उठतात. बोलणं म्हणून नाही.

फोन आल्यापासून मोठ्या मायचा कारभार जिल्ह्याबाहेर गेला. आपले अनारसे उतरले की ती नात्यातल्या घरोघर चौकशी करते आणि चौकशीचा प्रश्न एकच असतो, "हासले काय?" चुलतभावाचं लग्न झालं त्या वर्षी तिनं पुण्याला नव्या विहीणबाईंना फोन लावला. रामराम झाला, तब्येतीचं विचारून झालं, आणि मग हिनं आवाज खाली आणून विचारलं, "तुमचे हासले काय?" विहीणबाई शुद्ध पुण्याच्या. त्यांना वाटलं, खेड्यातली बाई आहे, नवऱ्याचं नाव कसं घेणार, आपल्या यजमानांबद्दलच विचारते आहे. त्या म्हणाल्या, "आमचे? अहो, ते कुठले हसतात! रिटायर झाल्यापासून तर मुळीच नाही." मोठ्या मायनं फोन ठेवला आणि मोठ्या समाधानानं आम्हाला सांगितलं, "एकबी नाई हासला म्हन्ते. हात चांगला हाये बाईचा." ती सोयरीक तिच्या मनात त्या दिवशी खरी पक्की झाली. हा घोटाळा तिला अजून कोणी सांगितलेला नाही.

देवींशी तिचं नातं असंच रोखठोक आहे. ज्येष्ठेला ती मोठी म्हणते, कनिष्ठेला लहानी. मुखवट्यांना साड्या नेसवताना दोघींशी तिचं बोलणं चालू असतं. "मोठीले काईबी चालते, नखरे सारे या लहानीचे," असं म्हणत ती कनिष्ठेच्या निऱ्या चार वेळा सोडते आणि चार वेळा घालते. माझ्या आईलाही ती लहानीच म्हणते, त्यामुळे देवघरातून "लहाने, सरळ उभी राह्य!" असा आवाज आला की स्वयंपाकघरात आई दचकून ताठ होते. नैवेद्याच्या बाबतीत तर विचारूच नका. देवींच्या आधी कोणी काही चाखायचं नाही, म्हणून ती पुरण नुसतं हुंगून गोड आहे की नाही सांगते, आणि ते बरोबर निघतं. अनारशाचं पीठ करताना त्यातलं वाटीभर कोरडं, बिनगुळाचं पीठ ती एका पितळी डबीत वेगळं ठेवते. त्या डबीला ती दवा म्हणते. पीठ सैल झालं, अनारसे हसायला लागले, तर ही दवा घालायची. पण माझ्या आठवणीत ती डबी कधी उघडली गेली नव्हती. दर वर्षी फडताळातून निघायची, चुलीशेजारी बसायची आणि सण झाला की तशीच परत जायची.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई हसते. म्हणजे इतरांसारखी हसते असं नाही. आधी तिचे खांदे हलायला लागतात, मग आवाजच येत नाही, मग डोळ्यांतून पाणी येतं आणि शेवटी ठसका लागतो. तिला हसायला कारण लागत नाही, आणि कारण मिळालंच तर ते आठवडाभर पुरतं. लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्याच वर्षीची गोष्ट आहे. मोठी माय अनारसे थापत होती, नवी जाऊ म्हणून आई शेजारी बसली होती. मोठे बाबा, म्हणजे माझे थोरले काका, माळ्यावरून देवींच्या सामानाची पेटी उतरवत होते. हात मोकळे राहावेत म्हणून देवींजवळ बसवतात त्या बाळाची जरीची एवढीशी टोपी त्यांनी स्वतःच्या डोक्यावर ठेवली आणि तिथेच विसरले. मग तसेच, गंभीर चेहऱ्यानं, मिशांवर कोळिष्टक, डोक्यावर जरीची टोपी, स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "च्या होईन काय?" आईचे खांदे हलायला लागले. पुढचे चार अनारसे एकापाठोपाठ एक कढईत हसले. आई सांगते की मोठ्या मायचं तोंड त्या वेळी रागानं लालभडक झालं होतं, तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला होता आणि बराच वेळ तिच्यानं बोलवत नव्हतं. बोलवलं तेव्हा एवढंच म्हणाली, "लहाने, बाहीर जाय."

तेव्हापासून पस्तीस वर्षं अनारशाच्या सकाळी आई घराबाहेर. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली अंगणात तिच्यासाठी बारदाना अंथरलेला असायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या सोळा भाज्या निवडायचं काम तिच्याकडे असायचं. ती तिथे बसून गवारीच्या शेंगा मोडायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलून हसायची. तिचं हसणं सगळं आत ऐकू यायचं. मी एकदा म्हटलं, "मोठी माय, खिडकी लावून घेऊ काय?" तर ती माझ्यावरच खेकसली, "मंग धूर कुठून जाईन?" धूर जायला दुसरीकडे धुराडं होतं, पण ते दाखवायची माझी छाती झाली नाही.

मागल्या वर्षी मी गेले तेव्हा नेहमीसारखं दारातच तिनं मला कुंकू लावलं. मोठ्या मायचं कुंकू म्हणजे रुपयासारखं गोल. त्या दिवशी ते कपाळावरून भुवईपर्यंत ओघळलं. "हालू नको नं व," ती म्हणाली. मी हलले नव्हते. नंतर पाहिलं, तिनं चहा अर्धाच कप घेतला आणि कप दोन्ही हातांनी धरला. देवींच्या साड्या तिनं माझ्याकडून नेसवून घेतल्या आणि निऱ्यांना एकदाही नाव ठेवलं नाही. तेव्हा मला भीती वाटली. घरात कोणाला काही सांगितलेलं नव्हतं, मोठ्या बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "वर्ष झालं हात हालून राह्यला तिचा. डाक्टर म्हन्ते, आता असाच राह्यते. कोनाले सांगू नोको म्हने."

सकाळी चूल पेटली. समोरच्या बाई पाटावर येऊन बसल्या, खिडकीखाली आई भाज्या घेऊन बसली, पितळी डबी चुलीशेजारी आली. मोठ्या मायनं गोळी घेतली, खसखशीवर ठेवली आणि थापायला बोटं टेकवली. बोटं थांबेनात. गोल व्हायचं ते एकीकडे जाड, एकीकडे फाटलेलं झालं. तिनं ते पुन्हा गोळा केलं. पुन्हा थापलं. तिसऱ्यांदा तिनं डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं आणि थापलं, आणि पान उचलताना ते सगळं मांडीवर पडलं. आम्ही लाडू वळत होतो. त्या दिवशी कोणालाही दहावीचं गणित आठवावं लागलं नाही. घराण्यात अनारसे थापणारी ती एकटीच. देवी संध्याकाळी यायच्या होत्या, आणि देवींवर टांगायच्या फुलोऱ्यात अनारसा नाही असं या घरात कधी झालं नव्हतं. तिनं मांडीवरचं पीठ वेचून घेतलं. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "लहाने, अथी ये."

आई आली. हातात अजून गवारीची शेंग होती. काय झालंय ते तिला बघताक्षणीच कळलं. "बाई, मले नाई जमनार," ती म्हणाली. मोठी माय सरकून बसली. "जमते. पस्तीस वर्षं खिडकीतून पाहून राह्यली तू. बस." आई बसली. तिनं अनारसा थापला आणि खरं सांगते, चांगला गोल थापला. तुपात सोडला. तो हसला. दुसराही हसला. तिसरा तर असा हसला की कढईभर झाला. आई घामानं निथळत होती. तिचे खांदे दगडासारखे, ओठ मिटलेले, समोरच्या बाई तिच्यापुढे हसऱ्या वाटाव्यात असा चेहरा. चौथाही विरघळला तेव्हा तिनं झारा खाली ठेवला आणि शाळेतल्या पोरीनं सांगावं तसं रडवेल्या आवाजात सांगितलं, "बाई, मी हासली नाई हो. तुमच्या गळ्याशपथ नाई हासली."

त्यावर समोरच्या बाईंनी तोंड उघडलं. इतक्या वर्षांत त्या चुलीपाशी त्यांचा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. त्या म्हणाल्या, "गूळ जास्त झाला."

मोठ्या मायला तिच्या स्वयंपाकघरात असं कोणी म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. तिचं तोंड लालभडक झालं. तिनं पदराचा बोळा तोंडाला लावला. मला वाटलं, समोरच्या बाईंचा पाट आजपासून गेला. आणि मग मोठ्या मायचे खांदे हलायला लागले. आवाजच येईना. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, आणि ठसक्यातूनच ती म्हणाली, "हाव. जास्तच झाला. पीठ कालवतानी हात हालला, आन् भसकन पडला. म्हटलं, कोनाले समजते! या बाईले समजलं व माय!"

मी विचारलं, "म्हंजे, आमच्या हासन्याचं काई नव्हतं?"

"अनारशाले काय कान हायेत काय?"

"मंग इतके वर्षं आमाले काऊन हासू देलं नाई?"

तिनं डोळे पुसले. "तुमी हासले का मले हासू येते. अन् मले एकदा आलं का थांबत नाई, आंग सारं हालते. हात हालला का अनारसा थापल्या जात नाई. ते टोपी घालून च्या मांगाले आले होते नं, तवा मीच बिघडवले चारही. नाव या लहानीचं झालं." मग मांडीवरच्या उजव्या हाताकडे तिनं पाहिलं. तो आपला हलतच होता. "आता तं हासल्याबिगरच हालते," ती म्हणाली. "मंग आता कायले दाबून ठेवू?"

आई हसायला लागली की रडायला, ते मला नक्की सांगता यायचं नाही. तिचं दोन्ही एकसारखंच दिसतं. मोठ्या मायनं दवेची डबी तिच्याकडे सरकवली आणि म्हणाली, "मूठभर टाक. जास्त नोको." आईनं पीठ मळलं. पुढचा अनारसा जागच्या जागी फुलला, त्याला जाळी पडली, खसखस वर दिसायला लागली. एकवीस झाले. घर सगळं हसत होतं आणि अनारसे शहाण्यासारखे निघत होते. समोरच्या बाई काही हसल्या नाहीत. देवींच्या जेवणानंतर खायला म्हणून दोन अनारसे पदराखाली घेऊन गेल्या, तेवढंच. दुसऱ्या दिवशी नैवेद्याच्या ताटात मोठ्या मायनं हसलेल्या अनारशांच्या भुग्याची एक वाटीही ठेवली. आई घाबरून म्हणाली, "बाई, हासलेला चालते काय देवीले?" मोठी माय ज्येष्ठेचा पदर नीट करत म्हणाली, "मोठीले चालते."

यंदा गेले तेव्हा कुंकू मीच माझ्या हातानं लावून घेतलं. तिनं करंडा पुढे धरला. अनारशांना आई बसली, समोरच्या बाई पाटावर बसल्या, आणि खिडकीखाली बारदान्याच्या जागी प्लास्टिकच्या खुर्चीत मोठी माय बसली. मांडीवर परात, परातीत गवार. एक शेंग मोडायला तिला आता फार वेळ लागतो, सोळा भाज्या काही तिच्यानं पुऱ्या होत नाहीत, उरलेल्या आम्ही नंतर गुपचूप निवडतो. इतक्यात मोठे बाबा अंगणात आले. मुद्दाम केलं की खरंच विसरले, देव जाणे, पण बाळाची जरीची टोपी त्यांच्या डोक्यावर होती. खिडकीतून मोठ्या मायचं हसणं आत आलं आणि थांबेचना. इकडे आईनं ओठ दाबले, तिचं तोंड लाल झालं, केळीच्या पानावरची बोटं हलायला लागली. ती ओरडली, "बाई, हासू नका नं, माहा हात हालून राह्यला!"

"हालू दे," बाहेरून मोठी माय म्हणाली. "तुहा थांबते."

आईनं हात उचलून मांडीवर ठेवला, तो थांबेपर्यंत वाट पाहिली आणि मग अनारसा थापला.